खेळणं मोडतं कुठून

नवं खेळणं लेथवरून उतरलं की त्याच्या रंगरूपाबद्दल आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही. आमचे मेस्त्री ते हातात घेतात, उलटं करतात, सांध्यावर अंगठा रोवून दाबतात आणि विचारतात, "ताय, ह्या मोडात तर खयसून मोडात?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा नग बनत नाही. मोडेल की नाही, हे ते विचारतच नाहीत. मूल खेळणं आपटणार, चावणार, त्यावर उभं राहणार, पायरीवरून खाली टाकणार. कधी ना कधी ते मोडणारच. मोडल्यावर मुलाच्या मुठीत आणि तोंडात काय उरेल, तेवढं बनवणाऱ्याला ठरवता येतं. लहान मुलांसाठी आणि नंतर ससे, गिनीपिग अशा घरातल्या छोट्या प्राण्यांसाठी लाकडी खेळणी करायला लागले तेव्हापासून माझं काम या एका प्रश्नाभोवतीच फिरत आलं आहे.

आमची शेड सावंतवाडीपासून जवळ आहे. चितार आळीतली लाकडी फळं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. हुबेहूब दिसणं ही त्या फळांची परीक्षा, आणि ती कला मी मनापासून मानते. पण ती फळं शोकेसमध्ये बसतात. खुळखुळा, चाकावरचा बैल, भातुकलीतली बोळकी यांची परीक्षा दात येणारं सहा-आठ महिन्यांचं मूल घेतं. त्या वयात वस्तूची ओळख करून घ्यायची ती तोंडाने.

खुळखुळ्याचंच बघा. जुना खुळखुळा पोकळ असायचा. आत चिंचोके, खडे, कधी कधी चक्क गुंजा, आणि वरून बूच. लाकूड तडकलं किंवा बूच सुटलं की आतलं सगळं बाळापुढे सांडणार. चिंचोका घशात अडकतो, आणि गुंजेचं बी चावलं गेलं तर ते विष आहे. म्हणून आम्ही आत काही भरतच नाही. एकाच लाकडाचा दांडा लेथवर फिरत असताना त्याच्यातूनच कड्या कातून सुट्या करतो. दांड्याची दोन्ही टोकं कडीच्या भोकापेक्षा जाड ठेवली की कडी फिरते, वाजते, पण निघत नाही. ना सांधा, ना सरस, ना खिळा. लोक विचारतात, कडी आत घातली कशी? ती कधी बाहेर नव्हतीच.

तरी मेस्त्रींचा प्रश्न उरतोच. दांड्यात लाकडाचे रेषे लांबीला धावतात, त्यामुळे त्यातून कातलेल्या कडीत ते फक्त कडीच्या रुंदीएवढे उरतात. बारीक, नाजूक कडी दिसायला देखणी आणि आवाजाला गोड. पण दाढांमध्ये आली तर दुभंगणारी. आम्ही कडी जाड आणि रुंद ठेवतो. आवाज जरा बद्द येतो. दुभंगलीच, तरी तिचा अर्धा तुकडा नळकांड्यात मावू नये, एवढं तिचं माप असतं.

हे नळकांडं आमच्या शेडमधलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाचा हा अंदाज. खेळण्याचा सुटा भाग किंवा मोडून निघालेला तुकडा न दाबता यात पूर्ण मावला, तर ते खेळणं या वयासाठी बाद. चेंडूला माप आणखी मोठं लागतं, ४४.५ मिलिमीटर, कारण गोल वस्तू घशात बसली की हवेला फटही ठेवत नाही. भारतात आयएस ९८७३ या मानकात अशा चाचण्या दिल्या आहेत, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. ही सूट चिन्हापुरती. बाळाचा घसा कुठल्याच कारागिराला सूट देत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक नमुना मुद्दाम आपटून, मोडून, तुकडे नळकांड्यात टाकून बघतो.

घरी हे हत्यार नसतं. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी जास्त रुंद असते, पण चूक झाली तर सुरक्षिततेच्या बाजूनेच होते. त्यातून जे आरपार जाईल ते रांगत्या मुलापासून लांब. सागरगोटे, गोट्या, चिंचोके हा आपल्या खेळांचा खजिनाच आहे आणि तो मुलांना मिळायलाच हवा, पण सहा वर्षांच्या ताईला. तिच्या मांडीपाशी धाकटं भावंड रांगत असेल, तर खेळून झाल्याबरोबर डबा फळीवर. दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी घेताना सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का, ते दुकानातच बघा. बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकतं. गिळलेली दोन लोहचुंबकं आतड्याचे पदर मधे धरून एकमेकांना चिकटतात. या दोन गोष्टींबाबत मी गिऱ्हाइकाशी कडक बोलते, आणि त्याचा मला संकोच वाटत नाही.

रंगाचंही तेच. आमचा रंग लाखेचा. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने घासून झळाळी आणायची. कर्नाटकात चन्नपट्टणलाही हीच रीत आहे. तिथलं लाकूड म्हणजे आपला काळा कुडा. लाख औषधी गोळ्यांवरही चढवतात, तिची भीती नाही. बघायचं असतं ते तिच्यात मिसळलेलं रंगद्रव्य. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर असू नये, असा नियम २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. कारखान्यांसाठीचे रंग त्यात येत नाहीत, आणि हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही डबे शेजारी-शेजारी असतात. झगझगीत पिवळा आणि लाल दिसला की माझा हात आखडतो, कारण शिशाची रंगद्रव्यं याच छटांत जास्त वापरली गेली आहेत.

लाकूड मात्र माणसाचं ऐकत नाही. पूर्वी इथे खेळण्यांना पांगारा वापरत. हलका, मऊ, कातायला सोपा. आता तो हवा तेव्हा मिळत नाही. आम्ही जास्त करून शिवण वापरतो, ती हलकी आणि फारशी न तडकणारी. तरी कोकणातल्या ओल्या हवेत मुरलेलं लाकूड नागपूरला किंवा सोलापूरला गेलं की आक्रसतं. आमच्याकडे गच्च बसलेली खुंटी तिकडे उन्हाळ्यात हलायला लागते, चाक सैल होतं, आणि खुंटी निघाली तर ती नळकांड्यात सहज मावेल अशी असते. म्हणून प्रत्येक खुंटीतून आम्ही आडवी काडी ठोकतो. आक्रसली तरी खुंटी बाहेर येत नाही. हे काम दिसत नाही, त्याचे पैसे कुणी वेगळे देत नाही, आणि मेस्त्री ते केल्याशिवाय एकही गाडी बाहेर सोडत नाहीत.

चाकावरच्या बैलाच्या दोरीवरून आज्या माझ्याशी वाद घालतात. "केवढीशी ही दोरी! पोर वाकून ओढतां गो." खरं आहे, दोरी वीतभरच असते. दीड वर्षाखालच्या मुलाच्या खेळण्याची दोरी २२० मिलिमीटरच्या आत हवी, म्हणजे तिचा मानेला वेढा पडत नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मोठी मुलं लांब दोरीने लाकडी बैल मिरवत नेतात, ते त्यांनी न्यावेत. ती मुलं धावणारी, बरोबर घरचे मोठे. पाळण्याशेजारी तीच दोरी नको.

पांगुळगाडा हा माझा सगळ्यात आवडता नमुना. तीन चाकं आणि एक आडवी दांडी, बस. मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, दांडी धरतं आणि ढकलतं. बैठक असलेल्या प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये मूल लोंबकळतं आणि पायाच्या बोटांनी जमीन रेटत भरधाव जातं. जिन्यावरून पडण्याचे अपघात एवढे झाले की कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्याचा वेग मुलाच्या पायांएवढाच असतो, किंवा असायचा. तो घडला सारवलेल्या जमिनीसाठी. चाक जमिनीत किंचित रुतायचं, त्यामुळे गाडा पुढे पळायचा नाही. आज घरोघरी गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर जुना नमुना घसरतो आणि मूल तोंडावर पडतं. आजोबांच्या काळातला गाडा हौसेने माळ्यावरून काढून नातवाला देणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. आम्ही चाकांना रबराची कडी बसवतो, आस मुद्दाम घट्ट ठेवतो आणि पुढच्या पट्टीत वजन घालतो. त्यामुळे दांडी धरून उठताना गाडा मुलाच्या अंगावर उलटत नाही.

इतकी काळजी करणारी मी, पण न मोडणारं खेळणं मला आदर्श वाटत नाही. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभं केलं, त्यात साधनं होती पानं, बिया, काटक्या, शंखशिंपले. ती तुटत, हरवत, दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा गोळा करून आणत. मोडलं म्हणून कुणी रागावत नव्हतं, कारण नुकसान काहीच नव्हतं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ताही वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत, की मुलाला खेळणं उघडू द्या, मोडू द्या. एका बालवाडीत मी हे समोर पाहिलं. साडेचार-पाच वर्षांचा मुलगा गाडी चालवण्याऐवजी तिचं चाक उपटण्यात गढला होता. बाई त्याला थांबवायला निघाल्या, मी म्हटलं, "राहू द्या, बघू या." त्याने चाक काढलं, आसाचं भोक डोळ्याला लावून खिडकीकडे बघितलं, मग चाक परत बसवायचा प्रयत्न करत राहिला. चार वर्षांपुढच्या मुलांसाठी आम्ही आता चाकं हाताने काढता-घालता येतील अशीच गाडी बनवतो. त्या वयाला मोडण्याची वाट खेळण्यातच ठेवलेली बरी.

मग एक दिवस शेजारच्या वाडीतली सातवीतली मुलगी बाजारातलं प्लॅस्टिकचं गाजर घेऊन आली. "काकी, हे सशासाठी आणलंय. त्याने एवढं खाल्लंय." गाजराचं टोक गायब होतं. मला पहिल्यांदा कळलं ते तेव्हा, की सशासाठी खेळणं करायचं तर अर्धी विद्या उलटी करावी लागेल. मुलाच्या खेळण्याचा तुकडा पडू नये म्हणून मी झटत होते. सशाच्या खेळण्याचा तुकडा पडणारच, आणि तो पोटातच जाणार. सशाला उलटी करता येत नाही. गिळलेलं प्लॅस्टिक किंवा रबर आतड्यात अडकलं तर परत यायला वाटच नाही. तेव्हा सशाचं खेळणं सगळंच्या सगळं खाता येईल असं हवं. रंग नको, लाख नको, सरस नको, खिळा नको.

सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. दाढाही वाढत राहतात. लोकांना वाटतं, लाकडाचा ठोकळा दिला की दात झिजतील. ठोकळा कुरतडण्याची हौस भागवतो. दाढा झिजतात त्या गवत चघळून, तासन्‌तास. म्हणून त्या मुलीला मी ठोकळा दिला नाही. पुठ्ठ्याची साधी नळी घेतली, तिच्यात वाळलेलं गवत ठासून भरलं, मधे तुतीची कोवळी काटकी खोवली. ससा आधी नळी ढकलतो, मग गवत ओढतो, मग पुठ्ठा फाडतो आणि शेवटी काटकी सोलतो. संध्याकाळपर्यंत काही उरत नाही, आणि उरलं नाही म्हणजे खेळ छान झाला. तिची आई म्हणाली, "रोज नवं करायला लागणार की." लागतंच. पण ते ती मुलगीच करते आणि तिला त्यातच जास्त गोडी आहे. आमच्या शेडमध्ये तिच्यासाठी काटक्या वेगळ्या ठेवलेल्या असतात.

काटक्या कुठून आणायच्या, हा मात्र गंभीर मामला आहे. फवारणी न झालेल्या बागेतली तुती, पेरू किंवा बांबूचा न रंगवलेला तुकडा आम्ही वापरतो, धुऊन, कडक उन्हात वाळवून. प्लायवूड आणि एमडीएफ अजिबात नाही, त्यांच्यात सरस असतोच असं धरून चालायचं. परदेशी मालाच्या पेट्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात. त्यांच्यावरचा शिक्का वाचायला शिका: एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीची फळी आम्ही मुलांसाठीही घेत नाही, प्राण्यांसाठीही नाही.

गिनीपिगला खेळण्यापेक्षा लपायला जागा जास्त हवी असते. आम्ही छोटं घर करतो, त्याला दोन दारं. एकच दार असलं तर एक प्राणी आत आणि दुसरा दारात, अशी कोंडी होते. गिनीपिगला पळतं चाक देऊ नका. त्याच्या पाठीचा कणा तसा वाकण्यासाठी नाही. हॅमस्टरला चाक हवंच, पण त्याची पळण्याची बाजू सलग हवी. गजांच्या फटीत पाय अडकून मोडतो. चाक लहान असेल तर पाठ वाकवून पळावं लागतं. सीरियन हॅमस्टरला साधारण २८ सेंटीमीटर व्यासाचं लागतं. दुकानात टांगलेली बहुतेक चाकं त्याहून बरीच लहान दिसतात. बजरीगर पक्ष्याला फाडायला आवडतं: सोललेली केळीची सोपटं, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, करवंटीचा झोका. काथ्याची दोरी असेल तर तिचे सुटलेले तंतू रोज कापायचे, ते बोटांना आवळतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या घंट्या नकोत. "पोपटासाठी काय देता?" असं कुणी विचारलं आणि पोपट म्हणजे आपल्या रानातला हिरवा राघू असेल, तर मी खेळणं देत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे, आणि कुठलंही खेळणं त्याला आकाशाच्या बदल्यात पुरणार नाही.

सगळ्यात अवघड घर म्हणजे ज्या घरात रांगतं मूलही आहे आणि मोकळा फिरणारा ससाही. सशासाठी बरोबर असलेलं, लगेच फाटणारं, तुकडे पडणारं खेळणं बाळाच्या हातात गेलं की चूक. बाळासाठी बरोबर असलेला, लाखेने रंगवलेला खुळखुळा सशाने कुरतडला की पुन्हा चूक, आणि कुरतडून टोकदार झालेला तो खुळखुळा बाळाने उचलला तर तिसरी चूक. अशा घरांना मी दोन वेगळ्या टोपल्या ठेवायला सांगते आणि खेळायच्या वेळाही वेगळ्या. बाळाचं खेळणं जमिनीवर रात्रभर राहू नये. सशाने दात लावलेली लाकडी वस्तू पॉलिश पेपरने घासून परत बाळाला देऊ नये. ती आता सशाची. एका आईने फोनवर विचारलं होतं, दोघांनाही चालेल असं एक खेळणं नाही का? खूप विचार करून मी तिला पुठ्ठ्याचं मोठं खोकं सांगितलं, पिना आणि चिकटपट्टी काढलेलं, दोन बाजूंनी दारं कापलेलं. सकाळी बाळ त्यात लपतं, दुपारी ससा ते खातो. ओलं झालं की टाकून द्यायचं.

मोडलेली खेळणी आम्ही परत मागवतो. टपालाचा खर्च आमचा. मेस्त्री प्रत्येक तुकडा पोत्यावर मांडतात, मोडल्या जागेवर खडूने खूण करतात. गेल्या उन्हाळ्यात विदर्भातून आलेल्या दोन पांगुळगाड्यांची खूण एकाच ठिकाणी पडली: पुढच्या पट्टीत, वजनासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला. तिथे रेषे आडवे कापले जातात आणि कोरड्या हवेत तडा तिथूनच निघतो. सध्या आम्ही भोक न पाडता ती पट्टीच जाड, जड लाकडाची करून बघतोय. फणसाची घेतली आहे. एक गाडा कोरड्या हवेत राहावा म्हणून अकोल्याच्या नातलगांकडे पाठवलाय, तो मे महिना संपल्यावर परत येईल.